धोंडाईचे डोळे

मच्छिंद्रआबाच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. ती कशी गेली हे बोरखडकात प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं. काहींना त्यानं सांगितलं होतं, की अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत एका उंटानं केळं समजून खाल्ली. ढोकीला ऊसतोडीवर त्याच्याबरोबर असलेली मंडळी सांगत, की करंगळी मोळीत बांधली जाऊन गाळपाला गेली आणि त्या साली अर्ध्या जिल्ह्याला साखर जरा जास्तच गोड लागली. बेंबळीच्या बाजारात एका कानडी व्यापाऱ्यानं ती पैजेत जिंकून नेली, अशीही एक हकिकत होती. एका करंगळीवर पन्नास वर्षं गावाची करमणूक करणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

बौद्धवस्तीच्या विहारात आबा रोज सकाळी वंदनेला बसायचा. पंचशीलातलं ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे मी खोटं बोलणार नाही, हे तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. इतकं मोठ्यानं, की लिंबावरचे कावळे ते ऐकून सुधारले म्हणतात. आबा मात्र ते शील पायऱ्या उतरून चपला पायात घालेपर्यंतच पाळायचा.

फेब्रुवारीत तुरी निघाल्यावर एके दिवशी वस्तीत पांढरी जीप आली. जीपमधून शिवकुमार नावाचा सोलापूरचा तरुण साहेब उतरला, हातात फाईल. चाळीस गावांना नळाचं पाणी देणारी योजना होती, पैसा परदेशातल्या एका बँकेचा होता, आणि बँकेची अट अशी होती, की ज्यांना कधीच कुणी विचारत नाही त्यांना आधी विचारायचं. म्हणून जीप पाटलाच्या दारात न जाता थेट वस्तीवर आली. वस्ती रानात गेली होती. विहारापुढच्या लिंबाखाली एकटा आबा बसला होता.

“आजोबा,” शिवकुमार म्हणाला, “तुमच्या समाजाचं पूर्वापार पवित्र ठिकाण आहे का इथं? जिथं टाकी बांधली तर तुमच्या भावना दुखावतील असं?”

एकाहत्तर वर्षांत आबाच्या भावनांची चौकशी पहिल्यांदाच होत होती. त्याला एकदम भरून आलं. आता पाठीमागचा विहार दाखवावा की नाही? पण विहार साहेबाला दिसतोच आहे, त्यात सांगण्यासारखं काय उरलं! आबाची नजर टेकडीवर गेली. अमरसिंह पाटलांच्या आंब्याच्या बागेच्या वर, टेकडीच्या कुशीत एक काळा धोंडा होता, बसलेल्या म्हशीएवढा. सकाळचं फिरून झालं की आबा त्याच्यावर बसून तंबाखू मळायचा.

“हाय की,” आबा आवाज खाली घेऊन म्हणाला. “धोंडाई.”

“धोंडाई?”

“आमची आदिमाय. दोन डोळं हायत तिला. रझाकाराच्या टायमाला घोडेस्वारांची तुकडी त्या वाटनं आली. धोंडाईनं निस्तं बघितलं. घोडी जाग्यावर दगूड झाली. खाली बागंत धोंडं दिसत्यात न्हवं? तीच ती.”

शिवकुमार लिहीत होता. “किती घोडी?”

“सोळा.” आबा थांबला. समोरचा माणूस खरंच लिहितोय हे बघून त्याला राहवलं नाही. “आन एक तट्टू.”

“आणि वरच्या माळावरचं गायरान? तिथं कुणी शेती करतं?”

“कोन करतंय? मोकळंच हाय की, साहेब. कुसळ बी उगवत न्हाई.”

ही थाप नव्हती. ही सवय होती. वस्तीतली अकरा घरं पन्नासपेक्षा जास्त वर्षं ते गायरान कसत होती. कुणाकडं सातबारा नव्हता, आणि अतिक्रमण म्हणून उठवतील ही धास्ती कायम. म्हणून हातात फाईल असलेला माणूस दिसला, की ‘मोकळंच हाय की, साहेब’ हे वाक्य वस्तीत आपोआप तोंडातून बाहेर पडायचं. लेकरं ‘आई’ म्हणायच्या आधी ते म्हणायला शिकत. शिवकुमारनं तेही लिहून घेतलं, आबाचा एक फोटो काढला आणि हात जोडून निघून गेला.

दिवेलागणीला आबाची थोरली बहीण मथुराबाई, त्याची आक्का, माळावरून उतरली. ऐन विशीत नवरा गेला तेव्हा ती माहेरी परत आली होती, आणि गायरानातल्या चार एकरांचं तिनं दगड वेचून वेचून रान केलं होतं. त्याच्यावरच ती जगत होती.

“कोन आलं हुतं रं?”

“साहेब. भावना इचाराय.”

“मग?”

“सांगितल्या.”

आक्का चुलीपाशी गेली.

पुढं मे महिना आला. बोरखडकातलं ऊन असं, की कोंबडीनं अंडं घातलं तर ते उकडूनच खाली पडायचं. अशा उन्हात एका दुपारी आक्का लिंबाखाली आली आणि तिनं आबाच्या पुढ्यात एक लोखंडी खुंटी आपटली. खुंटीला लाल रंग, वर आकडा.

“माझ्या रानात उगवलीया,” आक्का म्हणाली. “अशा चोवीस हायत. मधी चुन्याची रेघ मारलीया. म्हंत्यात हितं टाकं हुनार.”

आबाची नात श्रावस्ती सुट्टीला आली होती. धाराशिवला नर्सिंगला होती ती. तिनं मोबाईलवर बँकेचं पान शोधलं, त्यात बोरखडकचा अहवाल शोधला, आणि इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागली.

“‘बोरखडक येथील पाषाणपूजक आदिम समूह’...” ती थांबली. “आबा, पाषाणपूजक कोण?”

“आसतील कुनी.”

“‘या समूहाची देवता धोंडाई. टेकडीवरच्या नियोजित टाकीमुळे देवतेच्या दृष्टीला अडथळा येईल, म्हणून टाकी कुणीही वापरत नसलेल्या गायरानात हलवण्यात येत आहे. गायरान मोकळे असल्याचे समूहाच्या प्रमुखांनी स्वखुशीने सांगितले.’ खाली फोटो आहे. तुमचा. तंबाखू मळताना. आणि त्याच्याखाली लिहिलंय, ‘प्रमुख विधीची तयारी करताना’.”

आबानं हळूच विचारलं, “घोडी?”

“सोळा. आणि एक तट्टू. परिशिष्ट तीन.” श्रावस्तीनं मोबाईल बाजेवर टाकला. “छप्पन साली पणजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. तेहतीस कोटी देव सोडले त्यांनी. आणि तुम्ही एक नवीन काढून बसलात? मुसावादा वेरमणी!”

आबानं मान खाली घातली. आपण सांगितलेलं कुणी खरं मानतं, हा धक्का त्याला नवा होता. आजवर लोक हसायचे, चहा पाजायचे, आणि विसरून जायचे. त्याचं सांगणं असं खुंट्या होऊन जमिनीत कधी शिरलं नव्हतं.

“माझ्या रानाला मोकळं म्हनलास तू?” आक्का म्हणाली.

“आक्का, समदेच म्हंत्यात की.”

“समदे तलाठ्याला म्हंत्यात. त्यो उठवाय येतो म्हनून.” आक्काचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “ह्यो इचाराय आला हुता रं, मच्छ्या. जन्मात पयल्यांदा कुनी इचाराय आलं, आन तू...”

आक्का खुंटी उचलून निघून गेली.

आबा तडक टेकडीवर निघाला. तो धोंडा म्हणजे नुसता धोंडा आहे, हे साहेबाला डोळ्यांनी दाखवलं की झालं, असा त्याचा हिशोब. उन्हामुळं पंधरवडाभर तो तिकडं फिरकला नव्हता. चढ चढून वर पोचला, आणि बघतो तर काय!

धोंड्यावर हातभर शेंदूर होता. वर नवं पत्र्याचं शेड. पाटीवर ‘श्री धोंडाई देवी, जागृत देवस्थान’. आणि धोंड्याच्या सपाट अंगाला ज्या दोन खोबणी होत्या, त्यांत चांदीचे डोळे बसवलेले. ते डोळे आबाकडं असे रोखून बघत होते, की क्षणभर आपलंच तट्टू होतंय की काय असं त्याला वाटलं. खाली बागेत सोळा धोंड्यांवर लाल झुली होत्या. सतराव्याला छोटी झूल.

शेडात अमरसिंह पाटील पंखा घेऊन बसला होता. “या आबा! साहेबांचा अहवाल बघितला, तेव्हापासून तुमचीच वाट बघत होतो. टाकी इकडं झाली असती तर माझी दोनशे केशर जात होती. वाचवली बघा तुमच्या आईनं.”

“बापू, ही कुनाची आई न्हाय. म्या हिच्यावर बसून तंबाखू मळतो.”

“मळत होता. आता नका मळू.” अमरसिंहानं बाहेर काढून ठेवलेल्या आपल्या चपलेकडं बोट दाखवलं. “लोकांच्या भावना दुखावतील.”

आबा उतरताना तीनदा ठेचकाळला. त्या दिवसापासून त्यानं गावात दिसेल त्याला खरं सांगायला सुरुवात केली, धोंडाई म्या रचली, देवी-बिवी काय न्हाय. लोक म्हणत, “आबा, ही नवी काढली व्हय? झ्याक हाय.” पूर्वी खोटं सांगून जो चहा मिळायचा, तोच आता खरं सांगून मिळायला लागला, आणि आबाच्या तो घशाखाली उतरेना.

श्रावस्तीनं मात्र बँकेला तक्रार लिहिली. कागदाला कागद लागला, आणि जुलैत, तूर गुडघ्याला आली असताना, मुंबईहून बँकेची सृष्टी मॅडम सुनावणीला आली. सुनावणी ठेवली कुठं? धोंडाईच्या शेडात. सावली होती, खुर्च्या अमरसिंहाच्या होत्या, चहाही त्याचाच. सतरंजीवर निमंत्रितांच्या यादीतली माणसं बसली. मथुराबाईचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ती शेडाबाहेर, खांबाला टेकून उभी राहिली.

आबा उठला.

“म्याडम, म्या खोटं बोललो. ही देवी न्हाय. आन गायरान मोकळं न्हाय, माझी भन कसतीया.”

शिवकुमार लगेच उभा राहिला. त्याचा चेहरा खरंच काळजीचा होता. “मॅडम, आजोबांवर दबाव दिसतोय. पहिला जबाब त्यांनी मोकळेपणानं दिला होता.”

“कुणाचा दबाव?” मॅडमनं विचारलं.

“तेच तर ते सांगू शकत नाहीत!”

“आन देवीला न्हाय म्हनायचं म्हंजे काय?” मागून दोघं-तिघं उठली. एकानं बाह्या वर केल्या. वस्तीतली माणसंही उठली. तंबाखू मळता मळता रचलेली एक गोष्ट, आणि तिच्यावरून गावात डोकी फुटायची वेळ!

अमरसिंहानं सगळ्यांना हातानं बसवलं. तेवढ्यात गावातला गोरोबा, जिभेचा तिखट माणूस, ओरडला, “म्याडम, ह्या बाबाचं खरं कशाला धरताय? करंगळी कशी गेली तेवढं इचारा त्याला!”

शेड हसलं. मॅडमला काही कळलं नाही, म्हणून तिनं खरंच विचारलं. “कशी गेली, आजोबा?”

आबानं उजवा हात समोर धरला. पन्नास वर्षांत जे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तो सांगायला लागला.

“बहात्तरचा दुष्काळ हुता. आक्काच्या रानात मधोमध लई मोठा खडक. दिवसभर आमी दुष्काळी कामावर खडी फोडायचो, आन सांजच्याला तिथल्याच छिन्न्या मागून घिऊन खडकाला लागायचो. महिनाभर. मग पाचरी मारल्या आन खडक उभा चिरला. एक अर्धा रानातच रुतून ऱ्हायला. दुसरा अर्धा आठ जनांनी पहारी लावून माळाच्या कडंला आनला आन खाली ढकलला. ढकलताना माझी करंगळी खाली सापडली. त्यो अर्धा गडगडत आला आन हितं थांबला.” त्यानं शेंदराकडं हात केला. “ह्योच त्यो. माझी करंगळी खानारा.”

मग असा हशा पिकला, की पत्रा वाजला. “उंटापरीस ही बेस हाय!” गोरोबा डोळे पुसत म्हणाला. “देवीनं करंगळी खाल्ली!” अमरसिंह खुर्चीत आडवा झाला. शिवकुमारसुद्धा हसला.

आबा हात तसाच पुढं धरून उभा होता. त्याच्याजवळची एकमेव खरी गोष्ट त्यानं सांगून टाकली होती, आणि आता त्याच्याजवळ काहीही उरलं नव्हतं.

“त्याला सोडा, बाई,” बाहेरून आवाज आला. मथुराबाई पदर खोचून आत आली. “त्यो खोटारडाच हाय. जन्मापास्नं. धोंड्याला इचारा.”

“आपण कोण?”

“मोकळ्या रानाची मालकीन.”

मॅडम खुर्चीतून उठली. आक्का धोंड्याजवळ गेली. शेंदराला तिनं हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. “ही डोळ्याची भोकं बघा. गोल न्हाईत. अर्धी हायत, वरनं खालपतुर पन्हाळीवानी. छिन्नीची हायत. खडूक चिरला की अर्धं भोक ह्या अंगाला जातंय, अर्धं त्या अंगाला. टेप हाय का तुमच्यापाशी, साहेब? मोजा दोन डोळ्यातलं अंतर.”

शिवकुमारनं खिशातून टेप काढला. “एक फूट, साडेतीन इंच.”

“ध्यानात ठिवा. चला आता.”

सगळी सुनावणी उठून आक्काच्या मागं टेकडी चढायला लागली. पंच्याहत्तरीची ती बाई पुढं, आणि तिच्यामागं धापा टाकणारा गाव. शिवकुमार सगळ्यांत शेवटी होता. फेब्रुवारीत तो वर आलाच नव्हता, आणि मे महिन्यात खुंट्या ठोकल्या त्या ठेकेदाराच्या माणसांनी. वाट जीपची नव्हती, आणि गायरान मोकळं आहे म्हटल्यावर चढायचं कशाला! माळावर पोचला आणि जागीच उभा राहिला.

चार एकर तूर वाऱ्यावर हलत होती. चारी बाजूंनी दगडी बांध, कमरेएवढे, साप शिरेल एवढीही फट नसलेले. कोपऱ्यात वेचलेल्या दगडांचा ढीग, दोन खणी घराएवढा. हिरव्या तुरीत चुन्याची रेघ पावसानं अर्धी धुतलेली, आणि त्याच्याच योजनेच्या तेवीस लाल खुंट्या.

“हे...” तो म्हणाला.

रानाच्या मधोमध एक काळा खडक जमिनीतून वर आला होता. एक अंग पाठीसारखं, दुसरं सुरीनं कापावं तसं सपाट. त्याच्या सावलीत आक्काची भाकरी आणि पाण्याची कळशी. सपाट अंगावर दोन अर्ध्या खोबणी.

“मोजा.”

शिवकुमार गुडघ्यावर बसला. टेप लावला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग टेप तसाच धरून मॅडमला दाखवला. मॅडमनं वाकून आकडा वाचला. “एक फूट, साडेतीन इंच.”

कुणी हसलं नाही. गोरोबा आबाच्या हाताकडं बघत होता, जणू तो हात त्यानं पहिल्यांदाच बघितला. अमरसिंहानं डोक्यावरची टोपी उगाचच काढली आणि परत घातली.

“मथुराबाई,” मॅडम हळू म्हणाली, “तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

“आत्ता तुमीच.”

“मग सांगा. टाकी नको आहे तुम्हाला?”

“नको कशी म्हनंन? दीड कोसावरनं घागरी वाहून टाळूचं केस गेलं माझं. पानी पायजे. पर हितं कशाला?” आक्कानं बांधापलीकडं हात केला. “त्यो कातळ दिसतोय? गायरानाचाच हाय. त्याच्यावर माती न्हाई, कुनाचं रान न्हाई. त्योच समद्यात उंच हाय. पाऊस पडला की पानी तितनं चहूकडं धावतंय. तुमच्या टाक्यातलं बी धावंल.”

शिवकुमार बांध ओलांडून गेला. हातातल्या उंची मोजायच्या यंत्रात बघितलं, खुंट्यांकडं बघितलं, पुन्हा यंत्रात बघितलं. “चार मीटर जास्त आहे,” तो तिथूनच ओरडला आणि कातळावरच बसून राहिला. थोड्या वेळानं उठला, तुरीत आला, आणि वाकून एक एक खुंटी उपटायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मॅडमनं जुन्या अहवालावर आडवी रेघ मारली. पुढची बैठक ह्याच बांधावर होईल, अकराही घरांतल्या कसणाऱ्या माणसांना, बायांनासुद्धा, नावानं बोलावून, असं तिनं सगळ्यांपुढं वाचून दाखवलं आणि पहिलं नाव लिहिलं, मथुराबाई.

आबानं सुटकेचा श्वास घेतला खरा, पण तो अर्धाच आत गेला. कारण गावातली एक म्हातारी गर्दीतून पुढं आली होती. तिनं खडकाच्या सपाट अंगावरून हात फिरवला, त्या दोन खोबणी बघितल्या, आणि गहिवरून म्हणाली, “म्हंजे ही थोरली भन तिची! आन इतकी वर्सं उन्हात बसलीया!” आणि धोंडाईसाठी आणलेला नारळ तिनं तिथंच फोडला.

आबाचे डोळे फिरायची वेळ आली. “आवो मावशी...”

आक्कानं त्याला मागं सारलं. नारळाची दोन्ही शकलं उचलून पदरात टाकली. “खोबरं चालंल. चटनीला न्हवतंच घरात,” ती म्हातारीला म्हणाली. “कुकू तेवढं लावू नका. म्या पाठ टेकते हितं, लुगड्याला लागतंय.”

दुसऱ्या आठवड्यात आबा बेंबळीच्या बाजारात गेला. चहाच्या टपरीवर एका परगावच्या माणसानं त्याच्या हाताकडं बघून विचारलं, “बाबा, करंगळी कशानं गेली?”

आबानं कप खाली ठेवला. सकाळीच त्यानं वंदना म्हटली होती. त्यानं दुष्काळापासून धोंड्यापर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं, चांदीचे डोळे, एक फूट साडेतीन इंच, सगळं.

माणूस पोट धरून हसला. “काय बी सांगता राव तुमी! खरं काय ते सांगा की.”

आबानं इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला.

“अणदूरच्या यात्रंत,” तो म्हणाला, “एक उंट हुता.”